फुकटची पुस्तकं आणि बाबा

४ फेब्रुवारी
मोफत म्हटलं की माझा हात आवरत नाही! एका प्रकाशकाच्या ब्लॉगची जाहिरात होती—ईमेल द्या, सभासद व्हा, धर्मशास्त्राचं ई-पुस्तक मोफत घ्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण सासऱ्यांनी जन्मभर तेच शिकवलं. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून बाबांनी एक पुस्तक उघडलेलं नाही. ‘हो’, ‘नको’, ‘जेवलो’—एवढंच बोलतात. आईंचा विषय निघाला की उठून जातात.
टॅबलेटवर अक्षरं चांगली बोराएवढी करून दिली. चष्म्याच्या दुकानात काम करते, एवढं तर कळतं! बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी
भाजी परतताना मीच मोठ्याने वाचायला घेतलं. माणसाच्या दुःखाला देव जबाबदार कसा नाही, असं काहीतरी. बाहेरच्या खोलीतून आवाज—"चूक आहे."
मला वाटलं, माझा उच्चार. तर म्हणे लेखकच चुकलाय! कसा चुकलाय ते भाजी करपेपर्यंत सांगत होते. करपू दे.

११ फेब्रुवारी
बाबांना चटक लागली! एका ईमेलला एकच पुस्तक मिळतं, म्हणून नवऱ्याचाही पत्ता देऊन टाकला—तोही ऑफिसचा. ऐन मीटिंगमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर ब्लॉगचा ईमेल झळकला, ‘तुमच्या आत्म्याचं काय ठरलं?’ साहेब म्हणाले, आधी तिमाहीचं ठरवा.
नवरा तणतणत घरी आला. ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. नवरा बूट काढायचं विसरून त्यांच्याकडे बघतच राहिला.

१२ फेब्रुवारी
आता शेजारणीचा ईमेल मागतायत.

१५ फेब्रुवारी
ब्लॉगवर आजचा लेख—अखेरच्या क्षणी माणूस एकटा नसतो. बाबांनी टॅबलेट स्वतःच्या हातात घेतला. मग मला म्हणाले, खाली प्रतिक्रिया लिही. ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ बस, एवढंच. जरा गोड शब्दांत लिहूया म्हटलं, तर नको म्हणाले.

१६ फेब्रुवारी
मला वाटलं, आता सभासदत्व रद्द! पण संपादकबाईंनी साधं उत्तर दिलंय. कुणी सांगितलेलं नाही, मी विश्वासाने लिहिलं. खरं काय ते जवळ बसलेल्यालाच ठाऊक.
बाबांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. जेवताना पुन्हा नुसतं ‘हो’, ‘नको’. झालं, परत पहिले पाढे पंचावन्न!

१७ फेब्रुवारी
सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले, स्टूल ओढून बसले.
"त्या दिवशी हॉस्पिटलात मी डॉक्टरांना शोधत खालच्या मजल्यावर फिरत होतो. तुझ्या सासूजवळ तू होतीस. विचारायचा धीरच झाला नाही बघ. काय म्हणाली ती?"
गॅस बंद केला. त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. आई हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "हे उगाच धावपळ करतायत. त्यांना म्हणावं, बसा जरा."