जानकीच्या तोंडाचा वास

मालवण, दवाखान्याचा ओटा
१४ एप्रिल १९५८

श्रीयुत सहदेवदादांस गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेलच (मुंबईत आजारी पडायला सवड कुठे!). इकडे सर्व क्षेम, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. खरे मानू नये. आपली बहीण, म्हणजे माझी बायको जानकी, तीन दिवस दवाखान्यात आहे आणि मी धडधाकट आहे याचीच मला लाज वाटते.

तिच्या मधुमेहाची सुई रोज सकाळी मीच टोचतो. गेल्या आठवड्यात तिला ताप आला, अन्नाचा कण पोटात जाईना. मी म्हटले, जेवण नाही तर साखर कुठली, आणि साखर नाही तर सुई कशाला? (अक्कल पाजळायला मी पहिल्यापासून पुढे.) सुई बंद केली. मग ती तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागली, ओकू लागली, तिसऱ्या दिवशी धापा टाकीत बरळू लागली. शेजारची काशीबाई तिच्यावर वाकली नि नाकाला पदर लावून म्हणाली, "गुणाजी, हिच्या तोंडाक पिकल्या बोंडूंचो वास येता रे!" आता काजूच्या बोंडूंचे काय गाळतात हे आमच्या तारकर्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मी पडलो गावच्या दारूबंदी मंडळाचा चिटणीस! माझे धाबेच दणाणले. बाटली शोधायला मी गोठा उपसला, भाताची कणग उलथी केली, तिची लुगड्यांची ट्रंक उचकटली. अखेर माठामागे ओल्या फडक्यात बाटली सापडली. सुईच्या औषधाची, मी ठेवली होती तशीच. तेव्हा कुठे माझे डोके ठिकाणावर आले. त्यात खारी हवा. खोलीची गंजकी कडी अडकली, म्हणून तिला बाहेर काढायला उशीर झाला. बैलगाडीने मालवणला आणली. डॉक्टरांनी तोंड हुंगले तिचे आणि शिव्या घातल्या मला. सुई चुकली की रक्तात विष साठते, त्याचा हा वास, म्हणाले. सलाईन लावले, तासातासाने सुई टोचली. दीड दिवस तिने डोळे उघडले नाहीत. दादा, मला रामरक्षासुद्धा अर्ध्यावर आठवेनाशी झाली.

आज ती शुद्धीवर आहे. जिवावरचे टळले म्हणतात. वहिनींस नमस्कार.

आपला,
गुणाजी

ता. क. चिटणीसपदाचा राजीनामा पाठवला. कारण 'प्रकृती' लिहिले. कोणाची ते लिहिले नाही.

आणखी एक. कडी अडकली नव्हती. गावाला वास लागू नये म्हणून मीच ती बाहेरून घातली होती. आत ती "माका पाणी दी" म्हणत होती आणि मी गोठ्यात बाटली शोधत होतो.

आणि शेवटचे. शुद्धीवर आल्यापासून मी जवळ गेलो की ती तोंडावर पदर धरते. वास गेला म्हणून शंभरदा सांगितले, काढीत नाही. दादा, मिळेल त्या गाडीने या. तुमच्यापुढे तरी काढील.