पिवळ्या लुगड्याची घडी

ता. ६ जाने. १९३१, मंगळ. शहापूर.
मागावरचं पिवळं लुगडं आज उतरलं. काठ तांबडे, लग्नाचंच. कुणाचं म्हणून ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाइकाचं." खोटं! सुताच्या कांड्या मी भरल्यात; गिऱ्हाइकाच्या लुगड्याला सूत सावकार देतो, ते मला हातालाच कळतंय. हे सूत ह्यांनी बाहेरनं आणलंय.

ता. ७, बुध.
ह्यांच्या आत्याबाई आमच्यातच ऱ्हात्यात, त्या सकाळधरनं लई गोड बोलायल्यात. धुपदाळच्या धरणापल्याड त्यांचं सासर. तिथल्या देवीला जायचं म्हणे, माझ्या कुशीसाठी. सात वर्षांत देवी आठवली न्हाय ती आत्ताच बरी आठवली! आत्यांच्या दिराची पोर लग्नाची हाय, मला ठावं हाय. सवत आणायची, दुसरं काय. आणि नवरीला लुगडं मी माझ्या हातानं द्यायचं, म्हंजे लोकांची तोंडं बंद.

ता. ९, शुक्र.
हे, आत्या नि मी. रेल्वे, मग बैलगाडी. दिवस बुडताना धरणाच्या काठाला. शिडाची नाव. रातीनं का, म्हटलं. आत्या : "वारं रातचंच असतंय गं." नावाडी माझ्याकडं बघून त्यांना कानडीत, "थोरली हीच व्हय?" आत्यांनी डोळं वटारलं. मला काय कानडी येत न्हाय? मी थोरली, तर धाकटी कुठली?

ता. १०, शनि.
मध्यावर वारं पडलं. शीड लोंबकळलं, नाव जागची हालंना. हे झोपलेले, का सोंग, देव जाणे. थंडी मरणाची. आत्यांचा डोळा लागला तसं त्यांच्या उशाचं गाठोडं सोडलं. पिवळ्या लुगड्याची घडी मोडली आणि अंगावरच्या लुगड्यावरनंच गुंडाळून घेतलं. घडी मोडलेलं लुगडं नवरीला चालत न्हाय, मला आत्यांनीच शिकवलंय.
उजाडताना आत्या केकाटल्या, "अवदसे, काय केलंस गं!"
"थंडी वाजत हुती."
हे उठून बसले. बघत राहिले. "ऱ्हाऊ दे आत्या, तिलाच असू दे." मला रडूच आलं. राग न्हवता आवाजात. मायाबी न्हवती. मग काय हुतं?

ता. ११, रवि.
देवीची ओटी भरली. मग आत्यांच्या दिराच्या घरी च्या. पोरगी ओसरीवर आली, माझं लुगडं बघितलं नि आत गेली. नाकीडोळी बरी हाय, मेली. आत्या तिथंच राहिल्या. आम्ही दोघं माघारी.

ता. १९, सोम.
माघ लागला. आता लग्नं सुरू. आठ दिवस झाले, हे माझ्यावर एकदा ओरडले न्हाईत. त्याचीच धास्ती वाटतीया. आज ह्यांनी आत्यांना कार्ड लिहिलं आणि टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं. "बुधवारी न्यायला एकटाच येतो. नावाड्याला सांगून ठेवा, येताना तिघं."
हे एक. आत्या दोन.
मला वाचता येतंय, हे ह्यांना ठावं हाय.