शहात्तर नंबरचे पाय

१५ मार्च, शुक्रवार

आजपासून ठरवलं. निवडीच्या वादात आवाज चढवायचा नाही. मुद्दे मांडायचे आणि गप्प बसायचं.

ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, मांस बंद, म्हणून चर्चच्या तळघरात तळलेली मासळी. रांग जिन्यापर्यंत. मागच्या मोसमात आपली फुटबॉलची टीम सतरापैकी चौदा सामने हरली, त्यामुळे कॉलेजची पोरं निवडताना आपला नंबर तिसरा. हरण्याचा एवढाच फायदा. सगळ्या क्लीव्हलंडला सध्या एकच प्रश्न आहे, हल्ल्याच्या फळीत घ्यायचं कोणाला?

अडाणी लोक म्हणतात जमारिअस वेल्स. रिसीव्हर. पळतो आणि चेंडू झेलतो. पळायला काय, बसमागे मीही पळतो. मी म्हणतो गुन्नार टेस्क. डाकोटाचा टॅकल, तीनशे वीस पौंडांचा गडी. चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणाला येऊ देत नाही. क्वार्टरबॅक उभाच राहिला नाही तर वेल्सकडे चेंडू काय पोस्टाने जाणार?

मासळी ताटात पडायच्या आधीच आवाज चढला. दोष स्टॅश ओल्झाकचा. बोलिंग अॅली चालवणाऱ्या माणसाने फुटबॉलवर बोलू नये.

थोरली बहीण लोर्नाही वेल्सच्या बाजूची. रांगेत उभी राहिलीच नाही. भिंतीपाशी खुर्ची ओढून बसली आणि ताट शेजारणीकडून मागवलं. मला टाळत होती. मुद्दे संपले की माणसं बसतात.

१७ मार्च, रविवार

अभ्यास सुरू. टेस्कच्या कॉलेजचे सहा सामने यूट्यूबवर मिळाले. खेळाडूंची यादी दुकानातल्या प्रिंटरवर छापून घेतली. टेस्क, नंबर ७६. कागदावरचं बरं असतं, बदलत नाही.

माझी पद्धत अशी की चेंडू बघायचाच नाही. फक्त पाय बघायचे. माणूस पायांतून कळतो. रंगाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरवर काढली, गिऱ्हाईक दारातून कसं येतं यावरून सांगतो की डबा घेणार की नुसता रंग विचारून जाणार.

७६चे पाय म्हणजे काय सांगू. डोळ्यांत पाणी आलं. अकरा पानं लिहिली.

आजपासून चिप्स बंद.

२२ मार्च, शुक्रवार

चिप्स चालू. अभ्यासाला ताकद लागते.

आज फार मोठं घडलं. स्टॅश म्हणाला की त्यानेही टेस्कला बघितलं, डावा पाय जड आहे, तिसऱ्या झटापटीला तोंडावर पडतो. मी विचारलं, कितव्या नंबरचा माणूस बघितलास? म्हणाला सदुसष्ट. मला हसू आवरेना. अरे बाबा, सदुसष्ट म्हणजे कोणीतरी भलताच ठोंब्या, टेस्क शहात्तर, आधी आकडे शीक, असं सगळ्यांदेखत सुनावलं. स्टॅश गोंधळला आणि कोबी खात बसला.

लोर्ना खुर्चीवरूनच म्हणाली, वेंडेल, तुझी यादी कुठल्या वर्षाची आहे? मी म्हटलं, यादीचं वर्ष काय विचारतेस, लोणच्याची बरणी आहे का ती? मंडळी हसली. मग मला जोर चढला. म्हणालो, टीमने टेस्कला घेतलं नाही तर स्टेडियममधली माझी सीट मी सोडतो.

स्टॅशचं कोबी खाणं थांबलं. कारण सीट माझी नाही, बाबांची आहे. वरच्या मजल्यावर दोन राखीव सीटा, शेजारी शेजारी, चाळीस वर्षं आमच्या घरात. बाबा गेल्यावर एक माझ्या नावावर, एक लोर्नाच्या. त्यांचं घर विकताना आमचं जे वाजलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाही. बोलतो ते त्या सीटांवर. वर्षातले आठ-नऊ रविवार, तेही खेळाबद्दलच.

लोर्नाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, ठीक आहे, आणि टेस्क आला तर मी माझी सोडते. हात पुढे केला. फादर कॅसिमिर साक्षीला. उपासाच्या दिवसांत पैज लावू नये असं ते म्हणाले, पण वेल्स चांगला आहे असंही म्हणाले.

घरी येताना रस्ता चुकलो. थंडीमुळे.

२ एप्रिल, मंगळवार

टीमच्या ऑफिसला माझा अहवाल पाठवला होता. आज उत्तर आलं. 'आपल्या पाठिंब्याबद्दल आभारी आहोत.' पाठिंबा कशाला? अर्थात टेस्कला. नाव उघड घेता येत नसणार.

झोप लागत नाही. ती अभ्यासामुळे.

१४ एप्रिल, रविवार

त्र्याहत्तर पानं झाली. रेडिओवरचे तज्ज्ञ सगळे वेल्स, वेल्स करतायत. आजपासून रेडिओ बंद.

लोर्ना गेल्या मोसमात दर सामन्याला पहिला डाव अर्धा झाल्यावर यायची, ते आठवलं. धापा टाकत. कधी विचारलं नाही. खेळाची आवड कमी झाली असणार. अशा माणसाची सीट गेली तर अन्याय म्हणता येणार नाही.



२५ एप्रिल, गुरुवार

निवडीचा दिवस. ७.४० संध्याकाळ. स्टॅशच्या बोलिंग अॅलीत. मोठा पडदा. दीडशे माणसं. बाबांचं जाकीट घातलंय. लोर्ना दाराजवळच्या टेबलाशी बसलीय.

८.१४. पहिल्या टीमने क्वार्टरबॅक घेतला. जीव भांड्यात.

८.२५. दुसऱ्या टीमनेही क्वार्टरबॅक. टेस्क अजून शिल्लक आहे. वेल्सही आहे. आता आपली पाळी. 

८.२९.  बोलिंगच्या पिनासुद्धा बंद. माझ्या मनात आलं की वेल्स म्हणू देत, म्हणजे हे संपेल. का आलं कोण जाणे. खोडून टाकायला हवं.

८.३३. टेस्क.

८.५०. बाथरूममधून लिहितोय. आधी मी टेबलावर चढलो होतो. मग पडद्यावर त्याची झलक दाखवली. नंबर ६७. डावा पाय जड. तिसऱ्या झटापटीला तोंडावर पडला. खाली अक्षरं होती, या मोसमात टेस्कने नंबर बदलला. शहात्तर आता कोणा दुसऱ्या पोराचा, तो अजून दोन वर्षं कॉलेजात आहे.

कोणाला कळलेलं नाही. लोक दार वाजवून शाबास म्हणतायत.

२६ एप्रिल, शुक्रवार

लोर्नाने सकाळीच फोनवरून तिची सीट माझ्या नावावर केली. सोबत एकच शब्द, अभिनंदन.

उद्या तिला फोन करून खरं सांगायचं. नक्की.

३० एप्रिल, मंगळवार

दुकानात रंगाचा नवीन माल आला. वेळ नाही.

१९ मे, रविवार

आज करणारच होतो. पण रविवारी लोकांना त्रास देऊ नये.

७ जुलै, रविवार

टेस्क सरावात सुधारतोय असं वाचलं. तो चांगला निघाला तर सांगायचं कारणच उरत नाही. थोडं थांबावं हे शहाणपणाचं.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला सामना. दोन्ही सीटा माझ्या. एकीवर मी, एकीवर बाबांचं जाकीट. मागच्या माणसाने लोर्ना कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, येतेय.

पहिल्या डावात आपला क्वार्टरबॅक चार वेळा आडवा. चारही वेळा सदुसष्टच्या बाजूने. सवयीने शेजारी बघितलं. जाकीट.

मध्यंतरात फोन लावला. एका दमात सांगून टाकलं. यादी जुनी होती, मी भलत्याच माणसाचे पाय बघत बसलो, पैज खोटी, सीट परत घे, पुढच्या सामन्याला ये.

म्हणाली, माहीत होतं रे. म्हणून तर यादीचं वर्ष विचारलं होतं. मग मी विचारलं, माहीत होतं तर हात का पुढे केलास?  मग म्हणाली, वेंडेल, माझे दोन्ही गुडघे गेलेत. तीन वर्षं झाली. त्या पायऱ्या होत नाहीत. बाबांची सीट सोडवत नव्हती, तुझ्या पैजेनं सुटली. वेल्स आला असता तरी मी दोन्ही सीटा तुलाच देणार होते.

मी म्हणालो, मला बोलली का नाहीस. म्हणाली, शेजारीच तर बसायचे मी.

दुसरा डाव बघितला नाही. जाकीट घेऊन उठलो. खाली उतरताना पायऱ्या मोजल्या. अठ्ठ्याऐंशी. मधे कठडाही नाही.