कोरड्या बोरला कोण उत्तर देतं?

सिरसाळा, ९ मे, संध्याकाळ

कुणाचा बोर कुठं, किती फुटांवर कोरडा गेला, ते पाच उन्हाळे मी गावच्या शेतकी सोसायटीच्या साइटवर लिहीत आले. आज उघडलं तर सगळं गायब! सचिवांना फोन लावला. म्हणाले, "ताई, यंदापासनं नवा नियम हाय. ज्या पानावर वर्षभर कुणी उत्तर देत न्हाई, ते आपोआप उडतं. जागा लई लागती."

कोरड्या बोरला कोण काय उत्तर देणार? चेअरमनच्या वाढदिवसाचं पान मात्र शाबूत. तिथं रोज कुणीतरी फुलं टाकतंय.

आणि शेजारचे दत्ताभावजी उद्या बोरची गाडी बोलावतायत, माझ्या कोरड्या बोरपासून वीस पावलांवर! अडवलं, तर म्हणे, "वैनी, साइटवर तर तसं काहीच न्हाई."

न्हाई काय! दाराचा उरलेला लाल रंग घेऊन तडक शेतात गेले. बोरच्या पायपावर लिहिलं, 'चारशे फूट. पाणी न्हाई.'

दत्ताभावजी बांधावरून म्हणाले, "वैनी, लोक हसतील."

"हसू द्या. हसायला तरी वाचावं लागंल."

गावात असे कोरडे पाईप अजून अकरा आहेत. रंग अर्धा डबा उरलाय. कुणी उत्तर देवो, न देवो.