भिंतीवरचा तुझा कोड

दादा,

दुसऱ्या शिलाई मशीनच्या कर्जाला बँकेने नकार दिला. साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर जमाच नाही, मग धंदा आहे हे मानायचं कशावरून?" सात वर्षं माझी गिऱ्हाइकं दुकानात पैसे द्यायला तुझा कोड स्कॅन करतायत. "घरातलंच खातं आहे, तुला वेगळं कशाला?" हे तूच म्हणाला होतास. त्याच जमेवर तुला गाडीचं कर्ज आठवड्यात मिळालं.

तुझा कोड खरवडून काढलाय. माझ्या खात्यात वर्षभराची जमा दिसल्यावरच बँक पुन्हा विचार करणार आहे.

तीनशे गणवेश एका मशीनवर होणार नाहीत, हे सांगायला शाळेत चालले आहे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

नव्या खात्याच्या फॉर्मवर धंदा कधी सुरू केला, असं विचारलं होतं. मी आजची तारीख लिहिली.