भाईंच्या मुठीतलं घड्याळ

११ नोव्हेंबर, सोमवार

आरोंद्याला पोचले! सावंतवाडीहून एसटी निघाली, आधी काजूच्या बागा, मग माड, आणि एका वळणावर एकदम खाडी. सांगलीच्या दुकानात काउंटरमागे कोंडून बारा वर्षं घड्याळं दुरुस्त केली, खाडीकडे तोंड करून काम करायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. ज्यांचं काम आहे त्या माईंनी घराच्या पडवीत टेबल मांडून ठेवलंय, उजेड डावीकडून येईल असं. म्हणजे इथे आधीही कुणी घड्याळजी येऊन गेलाय.

काम चार दिवसांचं. माईंचे यजमान भाई बोटीवर होते, त्यांचं खिशातलं किल्लीचं घड्याळ बंद पडायला आलंय. कुरियरने पाठवायला माई तयार नव्हत्या. भाई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून आहेत. हाडांचा सापळा, डोळे मिटलेले, घड्याळ मात्र मुठीत घट्ट. माईंनी एकेक बोट उलगडून ते काढून दिलं.

स्वयंपाकाला हौसाबाई येतात. रात्री बांगड्याची आमटी आणि भात. दोनदा वाढून घेतला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज घड्याळ उघडलं. मागच्या झाकणाच्या आत सात खुणा कोरलेल्या, प्रत्येकीखाली तारीख. आम्ही घड्याळजी दुरुस्ती झाली की अशी खूण करतो. पहिली १९८८ची, शेवटची गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली. इतक्यात पुन्हा उघडायची वेळ यावी याचं नवल वाटलं. खारी हवा, दुसरं काय!

मेनस्प्रिंगचा ताण सोडला, टिकटिक देणारं बॅलन्सचं चाक उचललं, चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे पूल, काढले, चाकं पेट्रोलमध्ये टाकली. बॅलन्सच्या दांडीचं टोक झिजलेलं होतं, ते घासून गोल केलं. यात दिवस गेला. माई दर अर्ध्या तासाने दारात येऊन विचारत होत्या, किती वेळ. भाईंच्या खोलीचं दार त्यांनी दिवसभर लावून ठेवलं होतं. हौसाबाई आज कामाला आल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी जोडणी पूर्ण. बॅलन्स बसवताना हात हलू नये म्हणून मी श्वास धरते, वडिलांनी, आमच्या दादांनी, लहानपणी शिकवलंय. चाक जागेवर बसलं, पण हलेना. तशीच वाकून राहिले, छाती फुटायची वेळ आली, आणि श्वास सुटला तो थेट घड्याळावर. त्याबरोबर ते चालू झालं. काय स्वच्छ आवाज!

त्याच क्षणी आतून खोकला ऐकू आला. भाईंनी डोळे उघडले होते. म्हणाले, "पेज दी गो." माई रडल्या, माझ्या पायांना हात लावायला वाकल्या. मला फार संकोच वाटला, पण आनंदही झाला. झाकणात आठवी खूण केली.

चहा घेताना माईंनी विचारलं, घरात आणखी कोण हे काम करतं. अनिशबद्दल भरभरून सांगितलं. धाकटा भाऊ, पण हात माझ्यापेक्षा हलका.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

निघाले होते. रिक्षा गाव सोडून चढाला लागली आणि श्वास घेता येईना. दम्यासारखं नव्हे, छातीत हवा शिरतच नव्हती. डोळ्यांपुढे काळोख. रिक्षावाल्याने लगेच रिक्षा वळवली. मला उचलून माईंच्या पायरीवर ठेवलं तेव्हा पहिला श्वास आला.

माई घामाघूम झाल्या होत्या. भाईंच्या मुठीतलं घड्याळ मध्येच थांबलं होतं म्हणे, आत्ता पुन्हा सुरू झालं.

प्रवासाचा शीण असेल. उद्या बघू.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल दिवसभर पडून होते. आज माई देवळात गेल्या तशी खाडीवर गेले. गंगाराम होडीवाले पैलतीरी सोडायला तयार झाले. अर्ध्या खाडीत पुन्हा तेच. मी काठ धरून तोंड उघडत होते आणि हवा नव्हती. त्यांनी होडी फिरवली, मी सांगायच्या आधीच.

किनाऱ्याला लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तुझ्या आदी सात जणांका मी असोच परत हाडलंय."

ते सात जण कुठे आहेत, विचारलं. ते दोर आवळत राहिले.

घरी आले तर मोबाइल चार्जरवर नव्हता. माई म्हणाल्या, सापडलो की देतंय.

१८ नोव्हेंबर

माईंना सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. तांदूळ निवडता निवडता शांतपणे सांगितलं, भाईंचा स्वतःचा श्वास १९८८ सालीच संपला. तेव्हापासून घड्याळ चालतं ते दुरुस्त करणाऱ्याच्या श्वासावर, आणि भाई चालतात घड्याळावर.

"तू त्याच्यार श्वास सोडलंस. तो आता ह्या घरातच रवतलो." माझा श्वास आता इथून हलणार नाही, असं. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी काय करू गो? माका त्यांच्याशिवाय कोण आसा?"

त्यांचा राग येईना. भीतीच एवढी होती.

२२ नोव्हेंबर

भाई खुर्चीत बसतात. मासे खातात. घड्याळ मुठीतच, झोपेतही. बोटं उलगडायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, पकड खलाशाची. हसत होते.

मला जिना चढताना दोनदा बसावं लागतं.

हौसाबाईंना चिठ्ठी दिली, अनिशचा पत्ता घालून. पोस्टात टाका म्हणून हात जोडले. चार वाजता चहाच्या कपाखाली तीच चिठ्ठी घालून माईंनी मला कप दिला.

हौसाबाई मागीलदारी रडत होत्या. एवढंच बोलल्या की, आधीचा बेळगावचा माणूस होता, तो चौदा महिने पुरला.

पुरला. हाच शब्द.

२ डिसेंबर

कुंपणापर्यंतच जाता येतं आता. परवापर्यंत रस्त्यापर्यंत जात होते.

घड्याळ मागे पडतंय. दिवसाला वीस मिनिटं. भाई पुन्हा पिवळे पडले आहेत. माई म्हणतात, दोनदा पळालीस ना, म्हणून इतक्या लवकर सरतंय.

मोठ्याने बोलता येत नाही. वाक्य संपायच्या आत हवा —

६ डिसेंबर

माईंच्या हातात माझा मोबाइल दिसला. माझ्या नावाने मेसेज करत होत्या. काम अडलंय, तुझा हात हवा, ये.

अनिशला.

मीच सांगितलं होतं. हलका हात. मीच —

पाय धरले त्यांचे. नको म्हटलं, मला संपू दे, पण त्याला नको. माईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "तुकाय बरा वाटतला, भाव जवळ असलो की."

८ डिसेंबर

अनिश उद्या दुपारच्या एसटीने येतोय. हौसाबाईंनी कानात सांगितलं. टेबल पुसलं गेलं. उजेड डावीकडून.

कुंपण नाही. पडवीही नाही. भाईंच्या खोलीपुरतीच हवा.

घड्याळ थांबलं तर मी थांबणार, ठाऊक आहे. पण मग अनिशने श्वास टाकायला काही उरणार नाही. बंद नको, मोडायलाच हवं. बॅलन्सची केसासारखी हेअरस्प्रिंग तोडायची, दांडी मोडायची. तशी दांडी आता कुठे मिळत नाही.

९ डिसेंबर

भाईंना ग्लानी. घड्याळ इतकं मंद की मूठ सैल पडली. काढलं. माई फाटकावर, वाट बघतायत.

झाकण उघडलं. आठ खुणा. नववीला जागा आहे.

 चिमटा घसरला. पुन्हा —

रिक्षा थांबली. त्याचा आवाज. हसतोय, माईंना विचारतोय, ताई कुठेय.

हाक मारता येत नाही.

अनिश, हे वाचशील तेव्हा टेबलाला हात लावू नकोस. घड्याळाचे तुकडे खाडीत टाक. दादांना सांग मी

पडवीच्या पायऱ्या चढतोय

स्प्रिंग चिमट्यात आली आहे, डाव्या हाताने ओढते आहे, भाई उठून बसलेत, हात पुढे करून माझ्याकडे — नाही, सोडणार नाही, तुटते आहे, तुटली, टिकटिक थांब