एकतीस शिंपल्यांची माळ

१२ जुलै

पहाटे साडेचारला निघालो. रिकाम्या शिंपल्यांच्या दोनशे चाळीस माळा लावल्या. अकराला परत. इवाओ भाऊजींनी होडी चालवली, कालवं सोलायला येणाऱ्या हारुएताई माळा उचलून देत होत्या, मी पाण्यात सोडत होते. घरी येऊन भात, लोणचं, गार सातूचा चहा.

काल देवळाच्या होड्यांचा उत्सव झाला. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी माळा पाण्यात — हा यांचा नेम. तीस वर्षांत मोडला नाही. या शिंपल्यांवर कालवांची पिल्लं बसली तर दोन वर्षांनी आमच्या तराफ्याखाली काही असेल. नाही बसली तर नुसते बांबू.

एक माळ शेडमध्येच राहिली, खिळ्याला. चाळीस शिंपले हवेत, एकतीस आहेत. ३ जूनला हे तीच ओवत होते. जेवायला बोलवायला गेले तेव्हा आधी जमिनीवर पडलेला बत्तिसावा शिंपला दिसला, मग हे.

भाऊजी ती काढायला गेले. मी म्हटलं, ती नको. "वहिनी, अर्धी माळ ठेवून काय करणार?"

२१ जुलै

एकोणपन्नासावा दिवस. भटजी आले, मंत्र म्हणून गेले. यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे भाऊजींनी, सगळं नीट केलं. पाहुणे गेल्यावर मी होडी घेऊन एकटीच माळा बघायला गेले.

शिंपल्यांवर पांढरे टोकदार ठिपके. कालवं नाहीत! खडकाला चिकटतात ते खवल्यासारखे किडे. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस माळांवर. आधी येणाऱ्याने जागा धरली की कालवाच्या पिल्लाला बसायला जागा उरत नाही.

खाडीचं पाणी तपासणाऱ्या केंद्राचं पत्रक माळा लावायच्या आधीच आलं होतं. पिल्लं फार कमी, थांबा, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं होतं. लग्नाआधी आठ वर्षं त्याच केंद्रात बसून पिल्लं मोजली आहेत मी! तरी माळा लावल्या, कारण यांचा दिवस होता.

चूक माझी. पाण्याची नाही, यांचीही नाही.

२२ जुलै

पाणी एक मीटर खोल २८.४ अंश. दहा मीटरवर २५.९.

५ ऑगस्ट

खाडीत कुणालाच बी, म्हणजे माळेवर बसलेली पिल्लं, मिळालेलं नाही. ज्यांनी पत्रक बघून उशिरा लावल्या त्यांनाही नाही.

दहा कालवं उघडून पाहिली. सगळी दुधाने, म्हणजे अंड्यांच्या पांढऱ्या रसाने, भरलेली. जूनअखेर एकदा दूध सोडलं होतं, जुलैत पुन्हा, आता पुन्हा तयार. पाणी गार झाल्याशिवाय थांबत नाहीत. आणि थांबल्याशिवाय अंगावर मांस धरत नाहीत. बोटाने दाबलं तर पाण्याची पिशवी.

हारुएताई बेचाळीस वर्षं कालवं सोलतात. हातातलं उघडं कालव माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघ हिला. मी चार लेकरांवर थांबले. हिला कुणी सांगायचं?" हसल्या, आणि मग ते कालव बराच वेळ हातात धरून बसल्या.

१४ ऑगस्ट

पितरांचे दिवस. स्मशानात सगळीकडे रंगीत कागदी कंदील, आमच्या थडग्यापुढे पांढरा. पहिल्या वर्षी पांढराच असतो.

तिथेच भाऊजी बोलले. वर्षअखेर तराफे मच्छीमार संघाला परत करू म्हणाले. बी नाही, मोठी कालवं अशी, त्यांची पाठ साथ देत नाही, आणि मी एकटी. दादा असता तर गोष्ट वेगळी होती. वाईट बोलत नव्हते. बोलताना कंदिलाची काडी सरळ करत होते, ती सरळच होती.

मी म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत थांबा.

"नोव्हेंबरात बी कुठून येणार, वहिनी? आकाशातून?"

थांबा, एवढंच पुन्हा म्हटलं. ते थांबतो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना जमत नाही, माझ्याशी तर नाहीच.

१८ ऑगस्ट

बंद पडलेल्या शाळेचं सामान गावच्या कचेरीत आहे. त्यातून सूक्ष्मदर्शक मागून आणला. सही केली. भिंगाला बुरशी होती, पुसली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. यांची बारीक जाळी होतीच. रोज सकाळी सहाला तराफ्यापाशी पाणी गाळायचं, बाटली घरी आणायची, पिल्लं मोजायची.

एकवीस वर्षांनी. हात विसरला नव्हता.

१९ ऑगस्ट

तीन. सगळी बारकी.

२४ ऑगस्ट

शून्य.

३० ऑगस्ट

शून्य. केंद्राचं शेवटचं पत्रक आलं. या वर्षीचा हंगाम संपला, पुढे मोजणी नाही.

माझी आहे.

४ सप्टेंबर

पिल्लं जन्मतात, पण वाढत नाहीत. वरच्या उष्ण पाण्यात त्यांचं खाणंच नाही. जुन्या वहीत पाहिलं : आमच्या वेळी बाटलीत खाण्याची हिरवट सायच दिसायची. आता पाणी काचेसारखं. लोक बघतात आणि किती स्वच्छ म्हणतात!

भाऊजी धक्क्यावर भेटले. माझ्या हातात बाटली. "आज किती लेकरं, मास्तरीणबाई?" बाजूचे दोघे हसले. सात, असं मी सांगितलं. खरंच सात होती.

११ सप्टेंबर

दोन दिवस जोराचा पाऊस, वरून नदीचं पाणी आलं. आज सकाळी तराफ्यांभोवती समुद्र पांढरा. तांदूळ धुतल्यासारखा. सगळ्यांनी एकदम दूध सोडलं.

मोठ्या कालवांची एक तार वर ओढली. दहातली चार मेलेली, तोंडं उघडी, वास. उरलेल्या सहांत काही नाही. होतं नव्हतं ते सगळं आज पाण्यात टाकून दिलं त्यांनी.

रडू आलं. होडीत एकटीच होते म्हणून रडले. मग जाळी टाकली.

१८ सप्टेंबर

एकशे साठ! आणि पाणी किंचित हिरवट. नदीने काहीतरी आणलंय. पिल्लं खातायत. पोटं गडद दिसतात.

२३ सप्टेंबर

स्मशानात जाऊन आले. पाणी घातलं, उदबत्ती. भाऊजींना सांगितलं की पिल्लं आहेत. उशिराचं बी थंडीत मरतं म्हणाले, त्यांच्या वडिलांपासून हेच ऐकलंय. मी म्हटलं, तुमच्या वडिलांच्या वेळी सप्टेंबरात पाणी सव्वीस नव्हतं.

२५ सप्टेंबर

आज नव्वदांत चौतीस पिल्लांना काळा डोळा आहे. डोळा आला म्हणजे पोहणं संपलं, आता ती बसायला जागा शोधतात. हातात चार-पाच दिवस.

बसणार कशावर? जुन्या सगळ्या माळा खवल्यांनी भरलेल्या. खरवडून धुवायला माणसं हवीत, आणि पुरावा दाखवल्याशिवाय कुणी येणार नाही. कोरी एकच आहे.

दुपारी शेडमध्ये गेले. खिळ्यावरून काढली. शिंपल्यांवरची धूळ पाण्याने धुतली. भाऊजी होडी बांधत होते, त्यांनी पाहिलं. जवळ आले. म्हणाले, "वहिनी, बी धरलं तर ही कापावी लागेल. पिल्लांना वाढायला जागा लागते, शिंपले अंतरा-अंतराने दुसऱ्या तारेवर ओवावे लागतात. माहितीये ना?"

मला माहीत होतं. म्हटलं, माहितीये.

तीन मीटरवर बांधून आले.

२७ सप्टेंबर

सकाळी वर काढली. नुसत्या डोळ्यांना काही नाही. भिंग लावलं. शिंपल्याच्या आतल्या बाजूला तपकिरी ठिपके, तिळापेक्षा खूप बारके. एकावर चौदा. दुसऱ्यावर एकवीस. सुईच्या टोकाने ढकलून पाहिलं. हलले नाहीत. बसलेत!

हारुएताईंना फोन केला. त्या येताना सुनेला आणि दोन खरवडण्या घेऊन आल्या. नऊ वाजता भाऊजी आले. भिंग मागितलं, उन्हात नेऊन बराच वेळ बघितलं. मग बादली उलटी घालून बसले आणि एक माळ मांडीवर ओढली. पाठ दुखेल म्हटलं तर म्हणाले, दुखतेच आहे.

हारुएताईंना मी स्मशानातलं बोलणं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आकाशातून पडलं वाटतं."

"ऐकलंय हं मी," भाऊजी म्हणाले. खरवडत राहिले.

२९ सप्टेंबर

शहाऐंशी माळा लावल्या. त्याहून जास्त होईनात. बोटं सोलून निघालीत, पेन नीट धरवत नाही.

२० ऑक्टोबर

मोठ्या कालवांची मोजणी. दहात आठ मेलेली. तिन्ही तराफ्यांवर तेच. या हिवाळ्यात सोलायला काही नाही. हारुएताईंना सांगावं लागलं. त्यांनी सोलायची सुरी माझ्याकडेच ठेवायला दिली. घरी नेली तर गंजेल म्हणाल्या.

बी मात्र जिवंत. नखाएवढं झालं. शिंपल्याला सरासरी अठरा.

याच तराफ्यांवरच्या कालवांचं ते बी. दूध सोडून सोडून आया संपल्या, आणि त्यातल्याच शेवटच्या दुधातून हे आलं. मला यातून काही अर्थ काढायचा नाही. फक्त लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी : उत्सवाचा दिवस नाही. रोज मोजायचं, डोळा दिसेपर्यंत एक माळ लावायची नाही. मोठ्या कालवांच्या तारा जुलैतच खाली न्यायच्या, दहा मीटरवरच्या गार पाण्यात. तिथे सप्टेंबरात प्राणवायू कमी पडतो, तेही मोजायचं. कमी पडला की अर्ध्या तारा वर घ्यायच्या.

८ नोव्हेंबर

भाऊजी संघाचा कागद घेऊन आले. तराफे परत करण्याचा. देव्हाऱ्यात यांच्या तसबिरीपुढे ठेवला, उदबत्ती लावली, चहा प्यायले. जाताना कागद उचलून खिशात घातला. दारात बूट घालताना म्हणाले की नव्या लांब तारा त्यांनी सांगून ठेवल्या आहेत, गुरुवारी येतील.

१३ नोव्हेंबर

पाणी १९.६. नव्या तारा आल्या. बाकीच्या माळा उद्या सगळे मिळून करणार आहेत. यांची ती एक मी आजच केली. यांची शेवटची गाठ दोन वेढ्यांची होती, नेहमीसारखी. पक्कड घेऊन तिच्या खाली कापली. एकतीस शिंपले टोपलीत काढले आणि वीतभर अंतराने नव्या तारेवर ओवले. टोक बांधून शेड बंद केली.